बोटांवर मोजलं म्हणजे गणित कच्चं?

“बोटांवर मोजायची सवय लागली की मूल गणितात कायमचं कच्चं राहतं” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. काळजीपोटीच आपण तो ऐकतो आणि मग घरात “हात खाली!” सुरू होतं.

आधी बघू, बोटं करतात काय. ‘पाच’ हा नुसता शब्द. पाच बोटं मात्र दिसतात, उघडता येतात, मिटता येतात. पहिली-दुसरीच्या वयात संख्या धरून ठेवायला हा आधारच असतो. आजी जप मोजते तोही पेरांवर: चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाले १२. तिला कोण कच्ची म्हणतं?

पाहायचं ते मूल बोटं वापरतं कसं, हे. घरीच तपासा. ८ + ७ किती विचारा आणि गप्प बसा (आपल्याला हेच जड जातं). एकपासून सगळं मोजलं, तर ती पहिली पायरी. आठ मनात धरून “नऊ, दहा, अकरा...” करत सात बोटं उघडली, तर पुढची. “आठात दोन घातले, दहा, उरले पाच, पंधरा” असं आलं की बोटं आपोआप मिटतात.

चौथी-पाचवीतही प्रत्येक बेरीज एकपासूनच होत असेल, तर लक्ष द्यायला हवं. पण तेव्हाही हात बांधून उपयोग नाही. दहा चिंचोके घ्या, काही मुठीत लपवा, बाहेर किती ते दाखवा आणि मुठीतले ओळखायला सांगा. चुकलं तर “कसं केलंस, दाखव बरं” एवढंच विचारा.