डार्कलिंग (इंग्रजी शब्द)

डार्कलिंग हा इंग्रजी कवितेतला जुना शब्द, आता क्वचितच भेटणारा. मूळ अर्थ ‘अंधारात’, म्हणजे क्रियाविशेषण. पुढे ‘अंधारलेला, झाकोळलेला’ असं विशेषण झालं. बोलताना कोणी वापरत नाही, वापरलाच तर नाटकी वाटतो.

खरी भानगड शब्दाच्या शेपटीत आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की शेवटचा ‘इंग’ म्हणजे नेहमीचाच, मग डार्कल असं काहीतरी क्रियापद असणार आणि त्याचं हे रूप. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनलाही १७५५ च्या कोशात असंच वाटलं होतं, पण हे डार्कल आपल्याला कुठेच सापडलं नाही हेही त्याने सरळ लिहून टाकलंय, आणि जोडीला दुसरा तर्क दिलाय की यंगवरून झालेल्या यंगलिंगसारखं (लहानगा जीव) हे लघुत्व दाखवणारं रूप असेल. हा दुसरा तर्क फारसा टिकत नाही, कारण डकलिंग (बदकाचं पिल्लू), यंगलिंगमधला प्रत्यय नाम बनवतो आणि आपला शब्द तर सुरुवातीला नाम नव्हताच. आता सर्वसाधारणपणे मानतात ते असं की डार्कला जोडलेला ‘लिंग’ हा वेगळाच, जुन्या इंग्रजीतला दिशा किंवा अवस्था सांगणारा प्रत्यय आहे (व्याकरणातल्या लिंगाशी याचा काही संबंध नाही, हसू आवरा). हा प्रत्यय पुढे लोक विसरले, म्हणून हेडलिंगचं (डोकं पुढे करून) हेडलाँग झालं, साइडलिंगचं (बाजूने) साइडलाँग झालं, आणि ग्रॉव्हलिंग म्हणजे ‘पालथं’ यातून ग्रॉव्हल (लोटांगण घालणं) हे क्रियापद उलट्या दिशेने तयार झालं. डार्कलिंगचंही तेच, जॉन्सनला न सापडलेलं डार्कल नंतर लोकांनी बनवलंच. कवी बायरनने १८२३ मध्ये स्पार्कलशी यमक जुळवायला ते वापरलंय. म्हणजे बाप आधी आणि मुलगा नंतर असं नाही, इथे मुलावरून बाप जन्माला आला.

शब्द साधारण पंधराव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो. स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत, डार्कलिन्स असं रूप आहे, रॉबर्ट बर्न्सच्या हॅलोविनवरच्या कवितेत (१७८५ च्या सुमारास) धान्य वाळवायच्या भट्टीत निळ्या सुताचा गुंडा टाकायला (भावी नवरा कोण हे कळायचा तोडगा) गेलेली मुलगी अंधारात तुळया चाचपडते, तिथे तो येतो आणि अर्थ अगदी रोखठोक आहे, उजेड नाही एवढाच.

साहित्यात मात्र याच्याभोवती सारखे पक्षी का घुटमळतात कोण जाणे. शेक्सपिअरच्या किंग लिअर नाटकात विदूषक कोकिळेच्या पिल्लाने चिमणीचं डोकं खाल्ल्याचं सांगतो आणि लगेच म्हणतो की मेणबत्ती गेली, आपण डार्कलिंग राहिलो. मिल्टनच्या पॅराडाइज लॉस्ट या महाकाव्यात (१६६७) रात्री जागणारा पक्षी डार्कलिंग गातो. कीट्स १८१९ मध्ये नाइटिंगेलवरच्या कवितेत तोच शब्द उचलतो पण बाजू बदलतो, आता पक्षी नाही तर ऐकणारा माणूस अंधारात आहे. इथपर्यंत क्रियाविशेषण शाबूत आहे. मॅथ्यू आर्नल्डच्या १८६७ च्या डोव्हर बीच या कवितेत मैदानच डार्कलिंग होतं, म्हणजे पक्कं विशेषण, आणि थॉमस हार्डीने तर थ्रश या गाणाऱ्या पक्ष्यालाच ते लावलं, द डार्कलिंग थ्रश या कवितेत. ती कविता डिसेंबर १९०० मध्ये वेगळ्या शीर्षकाने छापून आली होती, हा शब्द शीर्षकात नंतर आला. तो पक्षी अंधारात बसलेला की स्वतः काळवंडलेला, हे दोन्ही अर्थ लागतात, तरी पहिला जास्त बरा वाटतो, कारण हार्डीला मिल्टन आणि कीट्स माहीत होतेच.

मराठीत आणताना क्रियाविशेषणाला साधं ‘काळोखात’ पुरतं. विशेषणाला ‘झाकोळलेला’ जवळचा, ‘अंधारा’ थोडा कोरडा पडतो.

कवितेबाहेर हा शब्द डार्कलिंग बीटल या नावात उरलाय, टेनेब्रिओनिडी कुळातले भुंगेरे. मीलवर्म म्हणून पक्ष्यांना खायला घालतात ती यातल्याच एका जातीची अळी.