डिझायर घेताय? आधी मागच्या सीटवर बसा

"ॲव्हरेज किती देते?" आमच्याकडे जुनी मारुती डिझायर बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. आमचं सांगणं एवढंच, की आधी मागचं दार उघडा आणि एसी लावून पाच मिनिटं मागं बसा. सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो आणि तुळजापूर-अक्कलकोटला जाताना मागं बसतात ते आई-वडील आणि लेकरं.

2017 च्या मेमध्ये आलेल्या डिझायरमध्ये एलएक्सआय हे सगळ्यात खालचं मॉडेल सोडून वरच्या मॉडेलना, म्हणजे व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लसला, मागं एसीचे झरोके आहेत. म्हणून घरच्या गाडीसाठी आम्ही व्हीएक्सआय सुचवतो. झेडएक्सआयची अलॉय चाकं दिसायला छान, पण बजेट ताणून घेऊ नका. 2024 च्या झेडएक्सआय प्लसला सनरूफ आहे. आमच्या उन्हात त्यापेक्षा मागची हवा जास्त मोलाची.

डिकीचंही बघा. 2008 ची पहिली डिझायर 4 मीटरपेक्षा लांब होती. कमी कराचा फायदा मिळावा म्हणून 2012 मध्ये ती 3995 मिलिमीटरवर आणली आणि डिकी 316 लिटरची झाली. 2017 मध्ये लांबी तेवढीच राहिली, डिकी मात्र 378 लिटर झाली. गावाकडून ज्वारीचं पोतं आणायचं असेल, तर हा फरक लगेच कळतो.

सीएनजीची टाकी डिकीतच बसते, तेव्हा पोत्याचा विचार सोडावा लागतो. रोजचं फिरणं जास्त असेल तरच ती परवडते. खाजगी डिझायरला कंपनीची सीएनजी 2022 पासून मिळते. त्याआधीच्या गाडीत किट बाहेरून बसवलेलं असेल, तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, त्याची नोंद हवीच. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, ती तारीखही वाचून घ्या. डिझेल डिझायर 2020 मध्ये बंद झाली.

टूर एस ही टॅक्सीसाठीची डिझायर. पांढरी पाटी लावून ती खाजगी म्हणून दाखवली जाते, म्हणून आरसीवरचा वाहनाचा वर्ग वाचल्याशिवाय इसार देऊ नका. एअरबॅगचंही नीट विचारा. 2017 च्या नव्या खाजगी डिझायरपासून सगळ्या मॉडेलना दोन आहेत, 2024 च्या नव्या डिझायरपासून सहा. 2017 च्या आधी खालच्या मॉडेलना बहुधा नसायच्याच.

गाडी बघताना डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी काढा आणि खालच्या पत्र्यावरून बोट फिरवा. वेल्डिंगचा खडबडीत सांधा लागला, तर गाडी मागून ठोकलेली आहे असं समजा. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पुरात बुडालेल्या गाडीचा बेल्ट आत गुंडाळलेल्या भागावर मातकट असतो, वरून कितीही धुतला तरी.

गाडी बघायला शक्यतो सकाळी लवकर या आणि घरच्यांना बरोबर आणा. आम्ही इंजिन आधी चालू करून ठेवत नाही. थंड गाडीचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोरच मारू.