गाडी तापते? रेडिएटरआधी पॉइंट तपासा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर गेला, की चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी जुनी अ‍ॅम्बेसेडर उकळते आणि खापर फुटतं रेडिएटरवर. रेडिएटर, पंखा, पट्टा ठीक असूनही तापमानाचा काटा चढत असेल, तर डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्याची, कॅप उघडा.

आत पॉइंट दिसतील, उघडझाप करणारे दोन छोटे विजेचे संपर्क. ते उघडले की कॉइलमधला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतला) करंट तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन 4000 आरपीएमवर असताना हे मिनिटाला 8000 वेळा घडतं. तितक्याच वेळा पॉइंटची फायबरची टाच कॅमवर, म्हणजे मधल्या दांड्याच्या उंचवट्यांवर, घासते. टाच झिजली की पॉइंटमधला गॅप (फट) कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ मागे पडतं. मग मिश्रण जळतं तेही उशिरा. पिस्टनला जोर कमी मिळतो आणि उरलेली उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नि पाण्यात जाते.

म्हणून आधी गॅप, मगच टायमिंग. उलट केलंत तर मेहनत वाया, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं.

टाच कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा. ल्युकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला गॅप 0.014 ते 0.016 इंच. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाची) पाती किंचित अडत सरकली पाहिजे. पॉइंटवर खड्डा-उंचवटा झाला असेल तर पातीचं माप फसवं निघतं; तिथे नवा सेटच बरा.

आता पुलीवरची खूण पुस्तिकेतल्या अंशावर आणा. रोटरचं, म्हणजे कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्याचं, तोंड एक नंबरच्या प्लगच्या वायरकडे हवं. कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलपासून बॉडीला 12 व्होल्टचा बल्ब जोडून इग्निशन चालू करा. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग हळूहळू उलट फिरवा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा, क्लॅम्प कसा, इग्निशन बंद करा. पॉइंट बंद राहून इग्निशन चालूच राहिलं तर कॉइल तापते.

गाडी थंड असताना बरी चालते आणि गरम झाल्यावर मिसिंग करते? मग कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या भागावर, संशय घ्या. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसली तर तो बदलाच. रोटर हाताने पिळून सोडला की स्प्रिंगने मागे यावा. अडकला तर आतली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं सुकलेल्या ग्रीसने जाम झालीत. कॅमवर ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त झालं तर ते पॉइंटवर उडून जळतं.