लिपिडचा थर बदलला की कॅप्सूलची गळती का बदलते, मागची गोष्ट

कॅप्सूल म्हणजे इथे पॉलिमरची सूक्ष्म पोकळ पिशवी, आणि लिपिड म्हणजे चरबीसारखे रेणू. कॅप्सूलवर लिपिड लावायची गरजच का पडली इथून सुरुवात करू. 1957 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत थॉमस चँग विद्यार्थी होते, तेव्हा त्यांनी पॉलिमरच्या पातळ पिशवीत हिमोग्लोबिन आणि एन्झाइम भरून कृत्रिम पेशी बनवल्या. मोठी प्रोटीनं आत राहायची आणि बारके रेणू आरपार जायचे, त्यांना तेच हवं होतं. पण बारका रेणूच आत कोंडायचा असेल तर ती भिंत म्हणजे नुसती चाळणी.

खऱ्या पेशी हे लिपिडने साधतात. 1890 च्या दशकात ओव्हरटन या शास्त्रज्ञाने दाखवलं की तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत पटकन शिरतात, 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेलनी हा थर दुहेरी असल्याचं सुचवलं, आणि 1960 च्या दशकात बँगहॅमच्या लिपोसोममुळे, म्हणजे लिपिडच्याच बारीक पोकळ पिशव्यांमुळे, नुसत्या लिपिडवर प्रयोग करता यायला लागले. मग 1968 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या द खिअर आणि सहकाऱ्यांनी लिपिडची रचना बदलत बदलत ग्लिसरॉल किती वेगाने आत जातं ते मोजलं: लिपिडच्या रेणूच्या तेलकट शेपट्या आखूड किंवा असंपृक्त (दुहेरी बंधांमुळे वाकलेल्या) असल्या की वेग वाढतो, कोलेस्टेरॉल घातलं की कमी होतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते 1973 चं, पापाहाजोपूलोस आणि सहकाऱ्यांचं काम. आपल्याला वाटतं थर जितका सैल, वितळलेला तितकी गळती जास्त, पण सोडियमची गळती शिखराला पोचते ती थर वितळत असताना, म्हणजे डीपीपीसी या नेहमी वापरल्या जाणाऱ्या लिपिडसाठी साधारण 41 अंश सेल्सिअसला, कारण तेव्हा घट्ट आणि सैल तुकडे शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या सीमेवर रेणू नीट बसत नाहीत. म्हणूनच 'कोलेस्टेरॉल घाला, गळती थांबते' हे अर्धंच खरं आहे, वितळलेल्या थराला ते आवळतं पण गोठलेल्या थराची घट्ट रचना उलट विस्कटतं, आणि भरपूर घातलं तर तो वितळण्याचा टप्पाच पुसून जातो.

1980 च्या दशकात जपानमध्ये ओकाहातांनी हे दोन्ही धागे जोडले. नायलॉनच्या कॅप्सूलवर दुहेरी थर चढवला आणि तापमान बदलून मिठाची ये-जा बदलून दाखवली, ताकद नायलॉनची आणि झडप लिपिडची. पुढे 1998 मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये थरावर थर चढवलेल्या पोकळ पॉलिमर कॅप्सूल आल्या, त्यांच्यावरही लिपिड लावलं गेलं, आणि तिथे लिपिडचा विद्युतभारही बघावा लागतो कारण थर नीट चिकटला नाही आणि मधे भोकं राहिली तर आपण मोजतो ती गळती रचनेची नसते, त्या भोकांची असते.