'व्हिट्रिऑल' मागताना आधी रंग सांगा

जुन्या कृतीवरून लिहिण्याची शाई बनवू पाहणाऱ्या एका ग्राहकाने आमच्याकडे नुसते 'व्हिट्रिऑल' मागितले. काउंटरवरच्या नव्या मुलाने शब्दकोश उघडला, त्यात सल्फ्युरिक ॲसिड असा अर्थ सापडला आणि तो बाटली बांधायला लागला. वेळीच लक्षात आले म्हणून बरे. त्या ग्राहकाला हवा होता हिराकस, म्हणजे हिरवे स्फटिक. शब्दकोशाचेही चुकले नव्हते, कारण हा एकच शब्द स्फटिकांसाठीही वापरला गेला आणि ॲसिडसाठीही.

मूळ लॅटिन शब्द 'व्हिट्रम', म्हणजे काच. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने स्पेनमधली रीत नोंदवली आहे. खनिजाचे पाणी उकळून लाकडी टाक्यांत ओतायचे आणि खाली खडे बांधलेल्या दोऱ्या त्यात सोडून ठेवायच्या. काही दिवसांनी त्या दोऱ्यांवर द्राक्षांच्या घोसासारखे काचेसारखे निळे स्फटिक धरत. आजही मोरचुदाचे दाट गरम द्रावण निवत ठेवून त्यात दोरा सोडला तर हेच दिसते.

निळे व्हिट्रिऑल म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट), हिरवे म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट) आणि पांढरे म्हणजे झिंक सल्फेट. तुरटीही सल्फेटच, पण ती व्हिट्रिऑल नव्हे; जुन्या लिखाणात मात्र या दोहोंची बरीच सरमिसळ आढळते. शाईच्या कृतीत बहुधा हिरवेच अभिप्रेत असते. मायफळाच्या काढ्यात हिराकस घातला की फिकट रंग येतो आणि कागदावर हवा लागली की तो काळा पडत जातो.

आता ॲसिडकडे. हिराकस खूप तापवला की आधी त्यातले पाणी उडते, मग गुदमरवणारा धूर निघतो. तो धूर पाण्यात शोषला की सल्फ्युरिक ॲसिड तयार होते आणि भांड्यात लोखंडाच्या ऑक्साइडची लाल पूड उरते. हे दाट ॲसिड ओतताना तेलासारखे संथ पडते, म्हणून त्याला 'ऑइल ऑफ व्हिट्रिऑल' म्हणू लागले. त्यात तेलाचा थेंबही नाही. पुढे १७४६ मध्ये जॉन रोबक यांनी बर्मिंगहॅमला शिशाच्या खोल्यांत गंधक आणि सोरा जाळून हे ॲसिड मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. त्या पद्धतीत हिराकसाचे कामच उरले नव्हते, तरी नाव तेच राहिले. पोटापाण्याच्या धंद्यावरून पडलेली आडनावे धंदा सुटल्यावरही चालू राहतात, त्यातलाच हा प्रकार.

१७८७ मध्ये लाव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बर्थोले आणि फुर्क्रुआ यांनी पदार्थांना घटकांवरून नावे देण्याची पद्धत मांडली. 'सल्फेट' हे नाव तिथून रुळले.

जुनी कृती वजनाने करणार असाल तर एक गोष्ट पाहा. जुन्या काळी माप असे ते पाण्यासकटच्या स्फटिकांचे. एक किलो मोरचुदात सुमारे ३६० ग्रॅम पाणी आणि २५५ ग्रॅम तांबे असते; हिराकसात पाणी तर किलोमागे सुमारे ४५४ ग्रॅम. त्यामुळे पाणी काढलेली पांढरट पूड तेवढ्याच वजनाने घातली तर हिराकसाची मात्रा जवळजवळ दुप्पट होईल. मोरचुदाचा खडा चमच्यात तापवून पाहा, निळा जाऊन पांढरा होतो; थंड झाल्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की निळा परत येतो. तो चमचा पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

हिराकसावर पिवळट तपकिरी थर दिसला तर दमट हवेने लोखंड गंजायला लागले आहे असे समजा. शाईला तो माल घेऊ नका, बरणी घट्ट झाकणाची वापरा.

ॲसिड पातळ करायचे तर ते पाण्यात थोडे थोडे सोडायचे. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचे नाही, उष्णतेने ते उसळून अंगावर येते.

मागणी लिहिताना रंग आणि 'स्फटिक' किंवा 'ॲसिड' हा शब्द लिहा. कृतीत नुसते 'व्हिट्रिऑल' असेल तर तो परिच्छेद आम्हाला दाखवा, त्या मुलाला आता ओळखता येते.