जर्मन क्रियापदे: ‘बलवान’, ‘दुबळी’ आणि ‘अनियमित’ या नावांमागची गोष्ट

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून सांगली-मिरजेत जर्मनची चौकशी करायला येणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली जास्त दिसतात. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर जर्मनची बी-वन, बहुधा बी-टू पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीतल्या मधल्या पायऱ्या) लागते. पहिले दोन-तीन महिने बरे जातात. मग भूतकाळ येतो आणि पुस्तकाच्या शेवटचा तो तीन रकान्यांचा (मूळ रूप, भूतकाळ, भूतकाळवाचक धातुसाधित) तक्ता उघडावा लागतो. तक्त्यावर मथळा असतो ‘अनियमित क्रियापदे’, आणि मांडणी असते वर्णानुक्रमाने.

या क्रियापदांना दुसरेही नाव आहे. परीकथा गोळा करणाऱ्या दोन जर्मन भावांपैकी थोरल्याने, याकोब ग्रिमने, १८१९ साली आपल्या व्याकरणग्रंथात क्रियापदांचे दोन गट केले: श्टार्क आणि श्वाख, म्हणजे बलवान आणि दुबळी. ‘माखेन’चा (करणे) भूतकाळ ‘माख्टे’. त्याला ‘टे’चा टेकू लागतो, म्हणून ते दुबळे. ‘झिंगेन’चा (गाणे) ‘झांग’. इथे बाहेरून काही जोडावे लागत नाही, धातू आतला स्वर बदलून आपल्या बळावर भूतकाळ उभा करतो, म्हणून ते बलवान. या नावांत त्याचे जुन्या रूपांवरचे प्रेम उघड दिसते. पुढे परकीयांसाठी पुस्तके करणाऱ्यांना ही नावे अवघड वाटली असावीत. त्यांनी नियमित-अनियमित अशी विभागणी घेतली आणि आपल्याकडे ‘रेग्युलर-इररेग्युलर’ रुजले.

हा बदल शिकणाऱ्याला महागात पडला, असे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ‘अनियमित’ म्हटले की मुले पाठांतराला बसतात. वर्णानुक्रमाच्या तक्त्यात ‘फिंडेन’ (सापडणे) एका पानावर, ‘झिंगेन’ दुसऱ्या आणि ‘ट्रिंकेन’ (पिणे) तिसऱ्या. तेच एकाखाली एक लिहा: फिंडेन-फांड-गेफुंडेन, झिंगेन-झांग-गेझुंगेन, ट्रिंकेन-ट्रांक-गेट्रुंकेन. इ, आ, उ. फळ्यावर चौथे ‘श्प्रिंगेन’ (उडी मारणे) लिहून मी खडू खाली ठेवतो. पुढची दोन रूपे मागच्या बाकावरून येतात. ज्याची रूपे न पाहता सांगता येतात, ते अनियमित कसे?

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे. जुन्या जर्मनिक भाषांत बलवान धातूंचे सात वर्ग नीट दिसत. हजार-बाराशे वर्षांत उच्चार बदलले, वर्ग एकमेकांत मिसळले आणि आज त्यांचे कितीतरी उपप्रकार झाले आहेत. ‘गेहेन-गिंग’ (जाणे) किंवा ‘श्टेहेन-श्टांड’ (उभे राहणे) कोणत्याच रांगेत बसत नाहीत. ‘झाइन’चा (असणे) ‘वार’ तर वेगळ्याच धातूचा, आपल्या ‘जा’चा ‘गेला’ होतो तसा. अशा मोजक्यांना खुशाल अनियमित म्हणावे. त्यांच्यासाठी सगळ्या तक्त्याला ते नाव देणे मला पटत नाही.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांना हे चटकन उमगते. ‘कृ’चे करोति, चकार आणि कृत होताना आतला स्वर हलतो, तीच ही चाल. ‘बन्ध्’ आणि जर्मन ‘बिंडेन’ (बांधणे) मुळात एकच. बबन्धला ‘बांड’ आणि बद्धला ‘गेबुंडेन’ शेजारी ठेवून पाहा.

मोडल क्रियापदांचा (जमणे, लागणे अशा अर्थांची साहाय्यक क्रियापदे) गोंधळही इथेच सुटतो. ‘एर झिंग्ट’ (तो गातो) म्हणताना शेवटी ट लागतो, मग ‘एर कान’ला (त्याला जमते) तो का नाही? कारण ‘कान’ हे मुळात भूतकाळाचे रूप, जे पुढे वर्तमानाच्या अर्थाने वापरात राहिले. ‘एर झांग’लाही ट नसतोच. ‘व्हिसेन’ (माहीत असणे) याच घराण्यातले: इश वाइस, एर वाइस. संस्कृतात अहं वेद, सः वेद. धातू तोच, रूप जुन्या भूतकाळाचे, अर्थ वर्तमानाचा, आणि मी-तो यांना एकच रूप. ‘मिश्र’ म्हणवणारी ‘ब्रेनेन-ब्रांटे’सारखी (जळणे) क्रियापदे खरे तर दुबळीच, फक्त स्वरही बदलतो म्हणून त्यांचा वेगळा रकाना झाला.

सेपरेबल क्रियापदांचा (ज्यांचा पुढचा भाग वाक्यात सुटा होतो) वाद मात्र अलीकडचा. १९९६ च्या लेखनसुधारणेने ‘केनेनलेर्नेन’ (ओळख होणे) दोन शब्दांत तोडायला सांगितले, ‘आइसलाउफेन’ही (बर्फावर स्केटिंग) तोडले. जर्मनीत वर्तमानपत्रांपासून कोर्टापर्यंत भांडण गेले. २००६ च्या दुरुस्तीत पहिले दोन्ही तऱ्हांनी चालेल असे ठरले आणि दुसरे पुन्हा जोडले गेले. रद्दीतून आणलेल्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास करणाऱ्यांनी आधी छपाईचे साल बघावे.

बलवान धातू आता दोनशेच्या आसपास उरले आहेत आणि नवे क्रियापद येते ते दुबळ्यांत: गूगेल्न-गूगेल्टे. ‘बाकेन’चा (भाजणे) जुना ‘बूक’ जाऊन ‘बाक्टे’ रुळला. उलटही घडते. ‘व्हिंकेन’ (हात हलवणे) जन्माचे दुबळे, तरी बोलताना पुष्कळ जर्मन ‘गेव्हिंक्ट’ऐवजी ‘गेव्हुंकेन’ म्हणतात. झिंगेन-ट्रिंकेनची ती इ-आ-उची रांग त्यांच्या कानात अजून वाजते.