मागच्या वल्ह्यांचं काम काय?

१८२३ च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस इथे जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला एका सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळपास पूर्ण सांगाडा सापडला. मान इतकी लांब, की पॅरिसच्या नामवंत प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएला कुणीतरी हाडं जुळवून बनाव केला असावा अशी शंका आली. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर चर्चा झाली आणि सांगाडा खरा ठरला. हा प्लेसिओसॉर.

चित्रांत पाहणाऱ्याची नजर मानेवर जाते. मला मात्र त्याचे पाय जास्त विलक्षण वाटतात. चारही पायांची वल्ही झालेली, आणि पुढची-मागची जवळपास सारखीच. वेळासच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाणारं ऑलिव्ह रिडले कासव पाहा. पाण्यात ते पुढच्या वल्ह्यांनी झेपावतं, मागची दोन मुख्यतः वळायला. पेंग्विनही दोनच पंख मारतो. चारही वल्ही पंखांसारखी असणारा पाठीच्या कण्याचा प्राणी आज एकही नाही. मग प्लेसिओसॉर कसा पोहत असेल, हे पडताळायचं कुणाशी?

२०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकात प्लेसिओसॉर पोहवला. जोर बहुतेक पुढच्याच वल्ह्यांचा निघाला. मागची जवळपास निरुपयोगी. हे मनाला पटत नाही. बिनकामाचा अवयव इतका मोठा, इतका घोटीव कशाला राहील?

साउदम्प्टन विद्यापीठात ल्यूक मस्कटने जीवाश्मांवरून वल्ही घडवली, टाकीत एकामागे एक बसवली आणि यंत्राने हलवली. पाण्यात रंग सोडला, तेव्हा प्रवाह डोळ्यांना दिसू लागला: पुढच्या वल्ह्यामागे भोवऱ्यांची रांग, आणि मागचं वल्हं त्या भोवऱ्यांमधून वाट काढत जाणारं. नेमकी वेळ साधली तर मागच्या वल्ह्याचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत वाढत होता, कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत. वेळ चुकली की फायदा गेला. म्हणजे चारही वल्ही तालात चालत असणार. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. मला त्यातली ती रंगीत पाण्याची युक्ती फार आवडते; हाडांत न उरलेली हालचाल तिने समोर आणली.

प्लेसिओसॉरांचं कुळ १३ कोटींहून अधिक वर्षं समुद्रात नांदलं. त्यात लांब मानेचे झाले, आखूड मानेचे आणि अवाढव्य जबड्यांचेही झाले. चार वल्ही मात्र ६.६ कोटी वर्षांपूर्वी कुळ संपेपर्यंत तशीच राहिली.